भिंगताईंच्या झोपेची गोष्ट

भिंगताईंचं चष्म्यांचं दुकान आणि माझं वह्या-पुस्तकं बांधायचं दुकान, दोन्हींमध्ये एकच भिंत. ती इतकी पातळ की त्यांच्याकडे गिऱ्हाईक "खालची ओळ दिसत नाही" म्हणालं की मला इकडे ऐकू येतं, आणि माझ्या कटरचा दणका बसला की त्यांच्या शोकेसमधल्या फ्रेमा थरथरतात. वीस वर्षांचा शेजार आहे. त्यामुळे ही गोष्ट थोडी मी पाहिलेली, थोडी भिंतीतून ऐकलेली आणि उरलेली खुद्द ताईंनीच चहा पिता पिता सांगितलेली.

भिंगताई हे नाव समोरच्या शाळेतल्या मुलांनी पाडलं. बारीक स्क्रू पिळताना त्या एका डोळ्याला भिंग लावतात आणि तसंच मान वर करून गिऱ्हाइकाकडे बघतात. तो एक डोळा बशीएवढा दिसतो. लहान मुलं घाबरतात, मोठी हसतात. ताईंना दोन्हीचं काही वाटत नाही.

हात त्यांचा फार चांगला. कुणाचा एक कान वर, एक खाली. कुणाचं नाक मधेच उंच. चष्मा टोचतो म्हणून आलेल्या माणसाच्या चष्म्याची काडी त्या गरम हवेवर धरणार, दोन बोटांनी केसभर वाकवणार आणि परत चढवून देणार. माणूस मान हलवून बघतो, टोचणं गेलेलं असतं. पण नवीन नंबरची तक्रार घेऊन कुणी आलं की ताईंचं एकच उत्तर ठरलेलं होतं. "सवय होईल. आठ दिवस घालून बघा." जमीन खोल गेल्यासारखी वाटते? सवय होईल. डोकं जड होतं? सवय होईल. बहुतेकांना ती व्हायचीही. ज्यांना झाली नाही ते दुसऱ्या दुकानात गेले असतील. ते सांगायला कशाला परत येतील?

पन्नाशी उलटली आणि ताईंना दुपारी पेंग यायला लागली. आधी जेवणानंतर, मग जेवणाआधीही. एकदा मी कात्री मागायला गेलो, तर ताई हातात स्क्रूड्रायव्हर धरून, पाठ ताठ ठेवून, स्टुलावर गाढ झोपलेल्या. "ताई!" अशी हाक मारली तर डोळे न उघडताच म्हणाल्या, "आता कसं दिसतंय?"

आम्ही दोघंही पोट धरून हसलो. ही गोष्ट गल्लीत आठवडाभर चालली. सगळ्यांनीच ती हसण्यावारी नेली, ताईंनीसुद्धा. सकाळी उठल्यावर त्यांचं डोकं ठणकायचं, तोंडाला कोरड पडलेली असायची, आठ तास पाठ टेकूनही रात्रभर ओझी वाहिल्यासारखं अंग व्हायचं. "वय झालं," म्हणून त्या सोडून द्यायच्या.

मग नकाशेवाल्या काकांचं प्रकरण झालं.

काकांनी जमीनमोजणीच्या कचेरीत आयुष्यभर नकाशे काढले. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी शर्टाच्या खिशात सहा इंची पट्टी असते. त्यांनी ताईंकडे डोळे तपासून नवा चष्मा केला आणि चौथ्या दिवशी हजर झाले.

"ताई, आमच्या दाराची चौकट झुकली आहे."

"नवा नंबर आहे ना काका. सवय होईल."

पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. "जेवणाचं टेबल एका बाजूला उतरतं. मी लेव्हल लावून बघितली. टेबल सरळ आहे."

"मग झालं तर! टेबल सरळ आहे ना? अजून आठ दिवस थांबा."

तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांचं उजवं मनगट प्लास्टरमध्ये होतं. वाचनालयाच्या पायऱ्या उतरताना शेवटची पायरी आहे तिथे दिसलीच नाही. चष्मा त्यांनी डाव्या हाताने काढून काउंटरवर ठेवला. आवाज चढवला नाही की काही नाही. "सवय होईना," एवढंच म्हणाले.

ताईंनी त्यांना खुर्चीवर बसवून पुन्हा डोळे तपासले. मग तो चष्मा काचांचा नंबर बघायच्या यंत्राखाली धरला. मग काकांच्या मागच्या तपासणीचं कार्ड काढलं. भिंतीच्या या बाजूला मी पुठ्ठे कापत होतो, आणि पलीकडे एवढी शांतता पसरली की मी हात थांबवला. काच डोळ्यासमोर किती अंशात फिरवून बसवायची हे त्या कार्डावर लिहिलेलं असतं. काकांच्या डोळ्याला पंधरा हवे होते. कार्डावर दीडशे होते. पंधराच्या पुढे एक शून्य जास्तीचं, आणि अक्षर ताईंचंच.

"काका, चूक माझी आहे," ताई म्हणाल्या. "मी शून्य जास्तीचं लिहिलं. तुम्ही दोनदा येऊन सांगितलंत आणि मी ऐकलं नाही."

काका म्हणाले, "मला वाटलंच होतं. त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत, आता कसं दिसतंय. मी सांगितलं. वर बघितलं तर तुमचे डोळे मिटलेले होते."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, विचार करताय."

त्या संध्याकाळी ताईंनी दुकान लवकर बंद केलं.

घरी त्या आणि त्यांच्या सासूबाई, दोघीच. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी. सासूबाई ऐंशीला आलेल्या, तब्येतीने खुटखुटीत, फक्त कानांनी गेलेल्या. कानातलं यंत्र होतं, पण ते कपाटाच्या खणात डबीतच असायचं. त्यामुळे सासूबाईंना काही सांगायचं म्हणजे अख्ख्या इमारतीला सांगायचं. ताईंनी ते टाळलं आणि मुलीला फोन करून झोपेचं सांगितलं. मुलगी शनिवारी आली आणि आईच्या शेजारी गादी टाकून झोपली.

सकाळी चहाच्या वेळी तिने मोबाइल टेबलावर ठेवला. "आई, हे ऐक."

"ही कुठली करवत?"

"तू."

ताईंना आधी लाजच वाटली. पण मुलगी हसत नव्हती. "घोरण्याचं सोड," ती म्हणाली. "आता पुढे ऐक." करवत चालता चालता एकदम थांबली. ताई वाट बघत राहिल्या. काहीच आवाज नाही. मग बुडणारा माणूस पाण्याबाहेर डोकं काढतो तसा एक हिसका, आणि करवत पुन्हा सुरू.

"मी मोजलं," मुलगी म्हणाली. "बावीसपर्यंत मोजलं आई. माझा जीव अर्धा झाला. आणि रात्रभर हेच."

सासूबाईंनी विचारलं, काय चाललंय. मुलीने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, "आई घोरते!"

"घोरते? छे!" सासूबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं एका खोलीत झोपतोय आम्ही. मी एकदासुद्धा ऐकलं नाही."

यावर मायलेकींना हसू आवरेना. ताई म्हणतात की त्या दिवसातलं ते एकच बरं झालं.

दवाखान्यात एक रात्र अंगभर तारा लावून झोपल्यावर कागद हातात आला. तासाला अडतीस वेळा श्वास अडत होता. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की झोपेत घशाची वाट मिटते, मेंदू घाबरून जागं करतो, वाट उघडते, परत डोळा लागतो, परत मिटते. सकाळी यातलं काही आठवत नाही, फक्त थकवा उरतो. उपाय म्हणजे उशाशी एक छोटं यंत्र, त्यातून निघणारी लवचीक नळी आणि नाकावर मास्क. यंत्र रात्रभर हवा ढकलत राहतं, म्हणजे वाट मिटत नाही. यंत्र देणारी मुलगी कामात होती. बाहेर सात माणसं बसलेली. तिने ताईंना मास्क चढवून दाखवला, पट्टे आवळले आणि म्हणाली, "सुरुवातीला जड वाटेल. सवय होईल."

ताईंनी हे मला सांगितलं तेव्हा मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

पहिल्या रात्री दिवा मालवून, पट्टे बांधून, त्यांनी बटण दाबलं. नाकात वारं शिरलं. कुणी न विचारता घरात घुसावं तसं. काय होतंय म्हणायला तोंड उघडलं तर ते वारं तोंडातून बाहेर आलं आणि शब्दाच्या जागी नुसतं "फुस्स" झालं. नाकाच्या वरच्या बाजूने झुळूक निसटून डोळ्यांत जायला लागली. त्यांनी पट्टे अजून आवळले. झुळूक वाढली. छातीत धडधडायला लागलं. अंधारात कुणीतरी नाकावर हात दाबून बसलंय असं वाटून त्यांनी तो मास्क ओरबाडून काढला आणि उठून खिडकीत जाऊन उभ्या राहिल्या.

दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री कशीबशी झोप लागली, पण सकाळी मास्क उशीखाली सापडला. झोपेतच काढून टाकला होता आणि यंत्र बिचारं उशीला वारा घालत बसलं होतं. नाकाच्या हाडावर लाल वळ उठला. अकरा रात्री अशा काढल्यावर त्यांनी यंत्र, नळी, मास्क, सगळं खोक्यात भरलं आणि खोकं कपाटावर ठेवून दिलं. झोपेचं खोबरं व्हायचंच आहे तर ते आपल्या पद्धतीने होऊ दे, असा विचार.

महिन्याने तपासणीला बोलावलं होतं. यंत्र घेऊन या, असंही सांगितलेलं. ताईंनी खोक्यावरची धूळ पुसली आणि गेल्या. यंत्र देणारी तीच मुलगी होती.

"काय म्हणतंय मशीन?"

"चालू आहे. होतेय सवय," ताईंनी ठोकून दिलं.

मुलीने यंत्राच्या पोटातून नखाएवढं कार्ड काढलं आणि कॉम्प्युटरला लावलं. ताईंना काय ठाऊक, की यंत्र सगळं लिहून ठेवतं म्हणून. मुलगी बराच वेळ पडद्याकडे बघत होती.

"ताई, साडेचार तास झालेत."

"रात्रीला?"

"महिन्याला."

ताईंना तोंड कुठे लपवावं कळेना. आता ही ओरडणार, असं त्यांना वाटलं. पण आज बाहेर गर्दी नव्हती. मुलीने खुर्ची पुढे ओढली, पेन घेतलं आणि विचारलं, "काय होतं नेमकं? सुरुवातीपासून सांगा."

ताई मला म्हणाल्या, "अहो, तीस वर्षं मी हा धंदा करते..." आणि चहा संपवून उठून गेल्या.

त्यांनी त्या मुलीला सगळं सांगितलं. झुळूक, वळ, धडधड, उशीखालचा मास्क. ती लिहीत गेली. मग म्हणाली, "आता असं करू. काही दिवस रात्री घालूच नका. दिवसा घाला, जाग्या असताना. आधी नुसता हाताने धरून नाकाला लावा, पट्टे नकोत. ते जमलं की पट्टे. ते जमलं की हवा. ती हळूहळू वाढेल असं मी करून देते. काहीतरी ऐकत बसा. झोपायचं म्हणून झोपू नका."

दुकान दुपारी दोन ते तीन बंद असतं. ताई जेवायला घरी जातात. त्या दिवशी जेवण झाल्यावर त्या आरामखुर्चीत बसल्या आणि मास्क नाकाला लावला. सासूबाई समोर पलंगावर बसून बघत होत्या.

"काय गं, विमान चालवायला निघालीस?"

ताईंनी मास्क खाली घेतला. रागच आला होता त्यांना. दोन वर्षं त्या सासूबाईंच्या मागे लागल्या होत्या, कानातलं यंत्र घाला म्हणून. सासूबाई घालायच्या, पाच मिनिटांत काढायच्या. त्यांनाही ताईंनी तेच सांगितलं होतं, सवय होईल म्हणून. आता त्या खणाकडे गेल्या, डबी काढली आणि सासूबाईंच्या हातात ठेवली. कानाशी जाऊन म्हणाल्या, "आई, सौदा करू. तुम्ही कानातलं घाला, मी नाकातलं घालते. मी काढेपर्यंत तुम्ही काढायचं नाही. तुम्ही काढेपर्यंत मी काढणार नाही."

सासूबाईंनी डबी उघडून बघितली. "यात काय त्रास आहे ते तू कधी विचारलंस?"

"नाही विचारलं," ताई म्हणाल्या. "सांगा."

सासूबाईंनी अठ्ठावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी केलेली. "मला काय डोक्याला पट्टा आणि कानाला वायर नवीन आहे?" त्या म्हणाल्या. "पण तिथे एका वेळी एक माणूस बोलायचा. याच्यात पंखा, नळ, बाहेरचा हॉर्न, तुझी भांडी, सगळे एकदम बोलतात. कुणाची लाइन आधी जोडू?"

ताईंनी उठून पंखा बंद केला, खिडकी लावली, नळ घट्ट पिळला. "आता?"

"आता बरं आहे."

पहिल्या दिवशी दहा मिनिटं ठरली. सासूबाईंनी भिंतीवरच्या घड्याळावर नजर ठेवली आणि जुन्या सवयीने सांगत राहिल्या, "तीन मिनिटं झाली. पुढे चालू ठेवायचं?" ताई मान डोलवायच्या. "सहा मिनिटं झाली. पुढे चालू ठेवायचं?" दहा झाल्यावर दोघींनी आपापलं काढलं आणि एकमेकींकडे बघून हसल्या.

आठवड्याभरात पट्टे बांधून वीस मिनिटं व्हायला लागली. मग हवा सुरू केली, आणि एक गंमत झाली. हवा चालू असताना ताईंना बोलता येत नव्हतं. तोंड उघडलं की फुस्स. आणि सासूबाईंना आता ऐकू येत होतं, पण ऐकायला काही नव्हतं. थोडा वेळ घड्याळाची टिकटिक ऐकून त्या कंटाळल्या आणि स्वतःच बोलायला लागल्या.

त्या घरात येऊन ताईंना एकतीस वर्षं झाली होती. सासूबाई नोकरीबद्दल काही सांगायला लागल्या की ताई मधेच काहीतरी विचारायच्या, नाहीतर "हो, हे सांगितलंत मागे," म्हणून स्वयंपाकघरात जायच्या. आता नळीने खुर्चीला बांधल्यासारख्या झाल्या होत्या. कुठे जाणार?

सासूबाईंनी सांगितलं की पहिल्या दिवशी त्यांनी चुकून एका साहेबांची लाइन खाटकाच्या दुकानाला जोडली आणि दोघं पाच मिनिटं एकमेकांना ओळखत असल्यासारखे बोलले. सांगितलं की पावसापाण्यात तारा तुटल्या की बोर्डावर दिवे कसे एकेक करून विझायचे. आणि एके दिवशी दर गुरुवारच्या कॉलबद्दल सांगितलं.

"संध्याकाळी साडेसातला एक गृहस्थ परगावी ट्रंक कॉल लावायचे. पलीकडे एक बाई. मी लाइन जोडायची आणि मधेमधे ऐकून बघायचं, लाइन चालू आहे का. तो नियमच होता. तर काय, दोन्हीकडे चिडीचूप. पहिल्यांदा मला वाटलं, लाइन तुटली. मी विचारलं, बोलणं चालू आहे का? दोघंही एकदम म्हणाले, हो, चालू आहे. परत चिडीचूप. तीन मिनिटं झाली की मी सांगायची. ते म्हणायचे, वाढवा. परत तीन मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. दर गुरुवारी. आम्ही सगळ्याजणी डोकं खाजवायचो. मग एकदा काय झालं..."

एकदा काय झालं ते ताईंना कळलंच नाही. डोळे उघडले तेव्हा घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मास्क नाकावरच होता, यंत्र संथ चालू होतं, आणि सासूबाई कानात यंत्र तसंच ठेवून, ओठांवर बोट धरून, पलंगावर बसलेल्या. दाराची घंटा वाजू नये म्हणून त्यांनी दार अर्धं उघडून ठेवलं होतं.

त्या दिवशी दुकान वीस मिनिटं उशिरा उघडलं. मी बाहेरच उभा होतो. ताईंचा चेहरा वेगळा दिसत होता. काय ते मला सांगता आलं नाही, पण वेगळा होता.

"पुढे काय झालं, आई?" त्यांनी रात्री विचारलं.

"ऐकायचं होतं तर जागं राहायचं होतंस," सासूबाई म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी सांगितलं. पुढचं काही मोठं नव्हतं. त्या बाईंची बदली झाली आणि ते दोघं एका गावात राहायला आले, एवढंच. सासूबाईंना ते त्यांच्या एका मैत्रिणीकडून कळलं होतं.

झुळूक मात्र अजून डोळ्यांत जात होती. त्यावर ताईंनी स्वतःच डोकं चालवलं. एका सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आधी, त्या दुकानातल्या आरशासमोर मास्क लावून बसल्या. मी आत गेलो तर हातात नाक मोजायची पट्टी.

"बघा," मला म्हणाल्या, "चष्मा खाली घसरतो म्हणून लोक काडी आवळतात, आणि मग तो वर चढून भुवयांना टेकतो. मी हजार जणांना सांगितलं असेल, आवळू नका म्हणून. आणि स्वतः काय केलं? वारा निसटतो म्हणून पट्टे आवळले. मास्कच्या कडेची मऊ गादी चेपली, वारा अजून निसटला."

त्यांनी पट्टे सैल केले, मास्क चेहऱ्यापासून किंचित पुढे ओढला आणि नीट बसू दिला. शिवाय मापात दिसलं की त्यांचं नाक वरच्या बाजूला अरुंद आहे आणि मास्क मधल्या मापाचा. दवाखान्यातल्या मुलीने लगेच लहान मापाचा बदलून दिला. उलट विचारलं, तुम्ही कसं मोजलंत ते मला दाखवाल का? ताईंनी दाखवलं. त्या नाकमापाच्या अर्ध्या तासात दोघींची चांगली गट्टी जमली.

मग रात्री पुन्हा सुरू केलं. एकदम नाही. आधी झोपताना एक तास, जाग आली की काढून ठेवायचा. मग दोन तास. मधे सर्दी झाली आणि आठ दिवस सगळं मुसळ केरात गेल्यासारखं वाटलं; नाकच बंद तर हवा जाणार कुठून? त्या आठ दिवसांत दुपारची पेंग परत आली आणि पूर्वी आपण रोज असेच होतो, हे ताईंना पहिल्यांदा उमगलं. सर्दी ओसरल्यावर त्यांनी कुणी न सांगता मास्क लावला.

सातव्या आठवड्यात एकदा त्यांना जाग आली तेव्हा खिडकीत उजेड होता. त्यांना वाटलं, समोरच्या घरातला दिवा राहिलाय. घड्याळ बघितलं तर सहा वाजून दहा मिनिटं. मास्क नाकावर. मधे एकदाही उठल्या नव्हत्या.

"मग कसं वाटलं?" मी विचारलं.

"भूक लागली होती," ताई म्हणाल्या. "सपाटून भूक. सकाळी भूक लागते हे मी विसरूनच गेले होते."

भिंतीच्या या बाजूला मलाही फरक कळला, पण वेगळा. पूर्वी पलीकडून "सवय होईल" ऐकू यायचं आणि पाठोपाठ दार बंद झाल्याचा आवाज. आता ताई विचारतात, "काय होतं नेमकं?" आणि मग गिऱ्हाईक जे सुरू होतं ते संपतच नाही. जिना उतरताना काय होतं, ताट बघताना काय होतं, सून काय म्हणते, सगळं येतं त्यात. ताई ऐकतात. कधी काचा बदलतात, कधी फ्रेम दोन केस खाली बसवतात, आणि कधी, खरंच दुसरं काही नसेल तर, थोडे दिवस थांबायला सांगतात. पण रोज किती वेळ घालायचा आणि कुठल्या कामाला घालायचा, हे कागदावर लिहून देतात. आमचा चारचा चहा हल्ली पाचला होतो.

नकाशेवाल्या काकांचं प्लास्टर निघाल्यावर ताईंनी स्वतः त्यांच्या घरी जाऊन नव्या काचा बसवलेला चष्मा दिला होता. ते सहा महिन्यांनी पुन्हा तपासायला आले. ताईंनी कार्ड लिहिलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं. "वाचा बरं, मोठ्याने."

"पंधरा," काकांनी वाचलं. कार्ड उलटं करून मागेही बघितलं. "बरोबर आहे. पण आता एक सांगू? तुमच्या दुकानाची पाटी खरंच डावीकडे झुकली आहे. चष्मा काढूनही झुकलेलीच दिसते."

दुसऱ्या दिवशी मी शिडी धरली आणि ताईंनी पाटी सरळ केली. काका खाली उभे राहून, पट्टी डोळ्यासमोर धरून, "अजून थोडी, अजून थोडी" करत होते.

मागच्या थंडीत सासूबाईंच्या जुन्या मैत्रिणींनी एकत्र जमायचं ठरवलं. सगळ्या टेलिफोन ऑपरेटर, सगळ्या पंच्याहत्तरीच्या पुढच्या. एकीच्या घरी दोन दिवस राहायचं. सोबतीला म्हणून ताई गेल्या. जायच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आल्या, यंत्राच्या पिशवीला नवीन चेन बसवून घ्यायला. घरात सासूबाईंसमोर मास्क लावणं वेगळं, आणि परक्या बायकांच्या रांगेत गादीवर पडून लावणं वेगळं. "दोन रात्री नाही लावला तर काय बिघडणार आहे?" त्यांनी मला विचारलं. मी काय सांगणार? चेन बसवून दिली.

पहिल्या रात्री हॉलमध्ये पाच गाद्या ओळीने घातल्या. ताई पिशवी मांडीवर घेऊन कडेच्या गादीवर बसून राहिल्या. भिंतीतला प्लग खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता, सर्वांत थोरल्या मैत्रिणीच्या उशाशी. त्या बाईंनी पिशवीकडे बघितलं, नळी बाहेर लोंबत होती तिच्याकडे बघितलं आणि आपली उशी उचलली.

"तू इकडे ये," त्या म्हणाल्या. "मी तिकडे जाते."

"नको हो मावशी, मी तार ओढून घेईन."

"गप्प बस. कुठली वायर कुठे लावायची हे तू आम्हाला शिकवणार?"

यावर बाकीच्या खो खो हसल्या. एकीने प्लग लावला, दुसरीने नळी गादीला अडकणार नाही अशी उशावरून फिरवून दिली, तिसरीने विचारलं की हवा थंड लागते की गरम. सासूबाई मधे बसून, आपणच ते यंत्र शोधून काढल्यासारख्या, सगळ्यांना समजावत होत्या. मग ताईंनी मास्क चढवला. कुणाला काही नवल वाटलं नाही. चार म्हाताऱ्यांनी आपापली कानातली यंत्रं काढली, आपापल्या डब्यांत ठेवली, आणि ऐकू येत नसल्यामुळे आणखी अर्धा तास मोठमोठ्याने एकमेकींशी बोलत राहिल्या.

ताईंना त्यातलं फारसं आठवत नाही. त्या लगेच झोपल्या होत्या. सकाळी सगळ्यांत आधी त्यांनाच जाग आली. त्यांनी मास्क धुऊन खिडकीत वाळत ठेवला, परक्या स्वयंपाकघरात साखरेचा डबा शोधला आणि पाच जणींचा चहा टाकला.